आपला तो बाब्या

"काय हो काकू, सकाळी बोहारणीशी एवढी कशावरून जुंपली होती? पार आमच्या मोरीत ऐकू येत होतं."

"जुंपणार नाही तर काय! चार धड साड्या, ह्यांच्या दोन पँटी, वर माझी मोरपंखी. आणि ती बया म्हणते, एवढ्यात एक पातेलं, तेही झाकणाशिवाय!"

"मोरपंखी म्हणजे ती काठाला विरलेली?"

"निऱ्यांत जातं गं ते. नेसल्यावर दिसत नाही."

"आणि शेवटची नेसलात कधी?"

"ते नको विचारूस. पण कपाट उघडलं की रोज समोर दिसायची ना!"

"तेच तर! धाकटीला कॉलेजात हे शिकवलंय, काल जेवताना सांगत होती. अमेरिकेत कानमन, नेच आणि थेलर या तिघांनी वर्गातल्या अर्ध्या मुलांना कॉफीचे मग फुकट वाटले. बाकीच्यांना म्हणाले, हवा तर यांच्याकडून विकत घ्या. हातात येऊन घटका झाली नाही, तर मगवाले घेणाऱ्यांच्या दुप्पट किंमत सांगायला लागले. सौदे जेमतेम झाले. हे १९९० साली छापून आलंय. कानमनना २००२ मध्ये आणि थेलरना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं."

"मगासाठी नोबेल?"

"एवढ्यासाठीच नाही हो, बाकीही पुष्कळ काम आहे त्यांचं."

"पण पोरं लबाड असतील. भाव कोण कमी सांगतं?"

"तसं नाही. त्याच पोरांना आधी नुसती टोकनं दिली होती विकायला. तिथं बरोबर हिशोबानं विकली. मगावर मात्र जीव जडला, आणि तो कधी जडला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही."

"मग बोहारणीचा का नाही जडत पातेल्यावर?"

"तिला तो टोपलीतला माल. रोज देवघेव करणाऱ्याला हा मोह कमीच होतो म्हणे."

"शहाणी आहेस! आणि तू परवा भंगारवाल्याला बंद मिक्सरचे पाचशे सांगत होतीस ते? तो तर दीडशेच्या वर जाईना."

"अहो, नुसतं वाइंडिंग केलं की चालेल तो!"

"बघ! आपला तो बाब्या."

"बरं बाई, हरले. पण माणसांचंही असंच होतं. ते माकडटोपीवाले आजोबा दुधाच्या वेळी इथून जातात, त्यांच्याशी कधी बोललात? नाव तरी माहितीये? पण मागे दिसेनासे झाले, तर दूधवाल्याकडे चौकशी तुम्हीच केलीत."

"चुकल्यासारखं होत होतं गं."

"पिट्सबर्ग विद्यापीठात हेच करून पाहिलं, १९९२ साली. दिसायला साधारण सारख्याच चार तरुणी. एक वर्गात फिरकलीच नाही, बाकीच्या पाच, दहा आणि पंधरा वेळा येऊन गेल्या. कुणाशी अवाक्षर नाही, येऊन नुसतं बसायचं. शेवटी पोरांना चौघींचे फोटो दाखवले. जी जास्त वेळा आलेली, ती जास्त आवडली. गंमत म्हणजे तिला वर्गात पाहिल्याचं पोरांना धड आठवतही नव्हतं."

"म्हणजे नुसतं रोज दिसलं तरी माणूस आपलं होतं? मग ती समोरच्या बंगल्यातली? वर्षानुवर्षं दिसतेय मेली. तिला बघून माझ्या कपाळावरची आठी कशी जात नाही?"

"सुरुवातच नावडीनं झाली, तर रोज बघून ती उलट वाढतही असेल. तुमचं तर पहिल्याच दिवशी पार्किंगवरून वाजलं."

"वाजणारच! फाटकासमोर गाडी कोण लावतं?... पण खरं सांगू? मे महिन्यात ती लेकीकडे गेली ना, तर मला करमेना. सकाळी उठून राग कुणाचा करायचा?"

"अगं बाई! म्हणजे तीसुद्धा तुमचीच झाली की!"

"हळू बोल, गॅलरीत उभी आहे ती. तिला कळलं तर उद्यापासून दोन गाड्या लावेल."