गटप्रमुख

इयत्ता नववीच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात 'अंतर्गत हालचाली' या नावाचा एक पाठ आहे. भूकंप, घडीचे पर्वत आणि ज्वालामुखी यांचे विवेचन त्यात केलेले असून, तो शिकवून झाला की वर्गाचे पाच-पाच, सहा-सहा जणांचे गट पाडून प्रत्येकाकडून ज्वालामुखीवर एक सादरीकरण करवून घ्यावयाचे, ही वहिवाट सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील शाळांत आता इतकी रूढ झाली आहे, की तिला वतनाचा दर्जा मिळण्यास केवळ सरकारी ठरावाचीच काय ती उणीव राहिली आहे. या दोन जिल्ह्यांत भूगोल शिकविण्यात ज्याची उभी हयात गेली, अशा माझ्यासारख्या माणसाला पृथ्वीच्या अंतर्गत हालचालींपेक्षा गटाच्या अंतर्गत हालचालीच अधिक गहन वाटत आल्या आहेत. आणि त्या सर्व हालचालींच्या मध्यभागी, स्वतः यत्किंचितही न हलता जो विराजमान असतो, त्या गटप्रमुख नामक विभूतीचे यथामती दर्शन घडवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गटप्रमुखाला कोणी निवडून देत नाही. तो स्वयंभू असतो. शिक्षकांनी गटांची नावे वाचून दाखविल्यावर, आपल्या गटात कोण आले आणि कोण निसटले याची इतर मुले अद्याप चुळबुळत खातरजमा करीत असतात, तोच हा उभा राहतो आणि भारदस्त स्वरात विचारतो, "सर, किती मार्कांना आहे?" या एका प्रश्नाने राज्याभिषेक उरकतो. ज्याने गुणांची चौकशी केली त्याच्यावर कामाची जबाबदारी, असा कायदा कोणत्याही दप्तरात नोंदलेला नसला तरी विद्यार्थिवर्गात तो निरपवादपणे पाळला जातो. फरक इतकाच, की जबाबदारी या शब्दाचा अर्थ गटप्रमुख आपल्या सोयीने लावतो.

पहिल्या दिवशीच तो वहीच्या शेवटच्या पानाला मधोमध घडी घालतो. घडीच्या डावीकडे सर्वांची नावे आणि उजवीकडे प्रत्येकाचे काम, असा तो जमाबंदीचा तक्ता मी अनेकदा न्याहाळून पाहिला आहे. जिचे अक्षर चांगले तिच्याकडे लेखन, ज्याच्या घरी प्रिंटर त्याच्याकडे चित्रे, ज्याच्या वडिलांचे हार्डवेअरचे दुकान त्याच्याकडे प्लॅस्टर ऑफ पॅरिस, आणि जो काहीच करू शकत नाही त्याच्याकडे फीत धरण्याचे आणि कात्री न हरविण्याचे काम. ही वाटणी कोणत्याही मुरब्बी कारभाऱ्याला भूषणावह ठरावी इतकी अचूक असते. तक्त्याच्या तळाशी तो स्वतःचे नाव लिहितो आणि त्यापुढे लिहितो, 'एकूण'. या 'एकूण'चा खुलासा मागण्याची छाती गटात कोणाचीही होत नाही. एका वर्षी एका चौकस मुलाने ती केली तेव्हा त्याला उत्तर मिळाले, "आरं, सगळ्यांवर ध्यान कुणी ठेवायचं मग?" आणि तो चौकस मुलगा पुढे आठवडाभर कात्री सांभाळीत बसला.

मसलतीची बैठक ज्या घरची आई सढळ हाताची असेल त्या घरी भरते. साताऱ्यात अशा बैठकीपुढे कंदी पेढ्यांचा खोका येतो आणि सांगलीत भडंगाचे ताट येते. दोन्ही ठिकाणी प्रथम उदरभरण, मग कामकाज, आणि कामकाजाला प्रारंभ होताच कोणाला तरी शिकवणीला जायचे असल्याने सभा तहकूब, हा क्रम अबाधित राहतो. उरलेला कारभार व्हॉट्सॲपच्या चावडीवर चालतो. तेथे गटप्रमुख रात्री अकरा वाजता 'कुठपर्यंत आलं?' असा खलिता धाडतो, आणि कोणाचेही उत्तर येण्यापूर्वी त्याखाली अंगठ्याचे चिन्ह उमटवून, काम झाले असे गृहीत धरून निद्राधीन होतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, 1924 पासून तिचा कारभार साताऱ्यातून चालविला आणि 'कमवा व शिका' या योजनेने खेड्यापाड्यांतील हजारो मुलांना स्वावलंबनाचा धडा घालून दिला. त्याच मातीत, इतरांनी कमवावे आणि आपण सांगावे, अशी स्वतंत्र योजना चालविणारा हा पुरुष निपजावा, याचे मला प्रारंभी वैषम्य वाटे. पुढे ते ओसरले, आणि त्याला कारण घडले. पाचही हुशार, पाचही कष्टाळू, पाचही विनयशील अशा मुलांचा एक गट मी हौसेने जुळविला होता. गटप्रमुखाचा त्यात मागमूस नव्हता. मुदतीच्या दिवशी त्या गटाकडून माझ्या हाती एक कोरा तक्ता आला. कारण आरंभ दुसऱ्याने करावा, इतकी सभ्यता प्रत्येकाच्या अंगी मुरलेली होती.

तथापि गटप्रमुखाचे खरे स्वरूप प्रकट होते ते ज्वालामुखीची निवड करताना. इसवी सन 79 मध्ये पाँपेई नगर गाडून टाकणारा व्हेसुव्हियस, 1883 साली ज्याच्या स्फोटाचा आवाज सुमारे 4,800 किलोमीटर दूरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला तो क्राकाटोआ, आणि केवळ देखणा म्हणून जपानचा फुजी, ही त्याची ठरलेली दैवते. अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेट हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी असल्याने राष्ट्राभिमानाखातर त्याला एक चित्र मिळते. कोयनेच्या 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाचा ज्वालामुखीशी काडीइतका संबंध नसताही तो प्रत्येक सादरीकरणात येतोच, कारण कोणाच्या तरी आजोबांनी तो पाटण तालुक्यात स्वतः अनुभवलेला असतो आणि त्यांच्या कथनाने दोन मिनिटे सहज भरून निघतात.

अशा वेळी चांगल्या अक्षराची ती मुलगी, जी आजवर एक शब्दही बोललेली नसते, ती दोन पाने लिहून पुढे ठेवते. शाळेच्या भिंतीतला काळा पाषाण, घाटातल्या दरडी आणि शेतातली काळी माती ही सारी ज्वालामुखीचीच देणगी आहे, असे तिने त्यांत लिहिलेले असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून शिलारस उकळत बाहेर आला. एक थर निवाला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असे साचत साचत पश्चिमेकडे काही ठिकाणी त्यांची जाडी दोन किलोमीटरांच्या घरात गेली. आणि झीज होऊन गेल्यावर आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या खडकाने व्यापलेला आहे. आकाशात घुसणारा शंकू नाही आणि एका मुखातून उडणारे कारंजेही नाही. पुस्तकात ज्याला भेगीय ज्वालामुखी म्हटले आहे तो हाच, आणि आपण त्याच्यावरच बसून भडंग खात आहोत, असा एकंदर तिच्या लेखनाचा मथितार्थ असतो.

गटप्रमुख ती पाने उलटीसुलटी करून पाहतो आणि अत्यंत प्रामाणिक दुःखाने म्हणतो, "समदं बराबर हाय गं, पण ह्यात धूर कुठाय?"

या प्रश्नाला भूगर्भशास्त्रात उत्तर नाही. तेव्हा दख्खनच्या पठाराला अखेरून दुसरी जागा मिळते; म्हणजे त्याच्यानंतर केवळ गुलाबाच्या फुलांवर 'धन्यवाद' लिहिलेले चित्र असते, आणि त्या धन्यवादाकडे पोहोचण्याच्या घाईत पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश पडद्यावरून क्षणार्धात लुप्त होतो. ज्वालामुखीच्या जागृत, निद्रिस्त आणि मृत या तीन प्रकारांत विद्यार्थ्यांची वर्गवारी करण्याचा विनोद भूगोलाचे शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. मी तो कधी केला नाही, कारण गटप्रमुख हा एकाच वेळी तिन्हींत मोडतो.

स्थलपरत्वे या जातीत थोडा भेद आढळतो. सातारी गटप्रमुखाचा पिंड सेनापतीचा. "तुमी काय बी काळजी करू नगा, म्या हाय न्हवं," असे अभय तो सर्वांना देतो आणि अभयावरच थांबतो. माहिती कमी पडली तर तो किल्ल्याचा आश्रय घेतो. एका सादरीकरणात, महाराष्ट्रात ज्वालामुखी कोठे पाहावयास मिळेल, असे परीक्षकांनी विचारले असता आमच्या या सेनापतीने खिडकीबाहेर हात करून गर्जना केली, "सर, हा आपला अजिंक्यतारा! मृत ज्वालामुखी!" वर्गात टाळ्या पडल्या. वस्तुतः अजिंक्यतारा काय किंवा सज्जनगड काय, हे डोंगर जमिनीतून उसळून वर आलेले नव्हेत. एकावर एक साचलेल्या थरांचा प्रदेश नद्यानाल्यांनी कोरून नेल्यावर जे उरले तेच हे सपाट माथ्याचे डोंगर, आणि त्यांच्या अंगावरचे कड्यांचे आडवे पट्टे खालून नुसत्या डोळ्यांनी दिसतात. चांगल्या अक्षराच्या मुलीने हे मागून त्याच्या कानात सांगितले. पाऊण मिनिट तो स्तब्ध राहिला आणि नंतर मंद स्मित करून परीक्षकांना म्हणाला, "सर, मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. पोरांचं ध्यान हाय का बघत होतो." नंतर त्याने तिचे सर्व विवेचन जसेच्या तसे, अधिक मोठ्या आवाजात, पुन्हा केले. टाळ्या दुसऱ्यांदा पडल्या.

सांगलीचा गटप्रमुख मात्र जातीचा नट. ज्या गावी 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणून मराठी नाटकाचा पाया घातला, तेथील मुलाला प्रवेश कसा घ्यावा आणि प्रसंग कसा सावरावा हे शिकवावे लागत नाही. एका वर्षी तेथील एका गटाने प्लॅस्टरचा शंकू तयार केला. आत सोडा आणि वरून लिंबाचा रस, म्हणजे फेस उसळतो, हे सर्वांना ठाऊक होते. प्रश्न होता तो लाल रंगाचा. बाजारचा रंग विकत घेण्याऐवजी, गटातल्या हळदीच्या अडत्याच्या मुलाने घरचा माल आणला. हळदीत धुण्याचा सोडा आणि थोडे पाणी कालवताच ती लालभडक झाली. असा रक्तवर्णी शिलारस पाहून सर्वांना धन्य वाटले. रस घालून एकदा पाहावे काय, असे कोणी सुचविले, तेव्हा गटप्रमुख उद्गारला, "व्हतंय की! काय अवघड हाय त्यात?"

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक, पालक आणि परीक्षक यांच्या समक्ष त्याने स्वहस्ते, म्हणजे संपूर्ण प्रकल्पातील पहिल्याच शारीरिक श्रमाने, लिंबाचा रस शंकूच्या मुखात ओतला. क्षाराने लाल झालेली हळद आम्लाने पुनश्च पिवळी होते, हा रसायनशास्त्राचा नियम सांगलीसारख्या हळदीच्या पेठेतही रद्द झालेला नव्हता. शंकूच्या तोंडातून फसफसत जो रस बाहेर आला तो लखलखीत पिवळा होता, तो चारी बाजूंनी ओघळून, खाली कापसाच्या झाडांनी सजविलेले पाँपेई नगर त्याने व्यापले, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "सर, पिठलं उतू गेलं!"

सभागृह हसण्यात बुडाले. अडत्याचा मुलगा टेबलाखाली दिसेनासा झाला. गटप्रमुखाने मात्र हसू ओसरेपर्यंत थांबून, रिकामा पेला हलकेच खाली ठेवला, आणि दोन्ही हात पसरून म्हटले, "उपस्थित सज्जनहो! ज्वालामुखीच्या तोंडाशी गंधक साचते, आणि गंधकाचा रंग पिवळा असतो. हा आमचा गंधकयुक्त ज्वालामुखी!" आणि हे विधान, त्याला ते कोठून सुचले हे त्यालाच ठाऊक, शास्त्रदृष्ट्या अगदीच टाकाऊ नव्हते. परीक्षकांनी मान डोलावली. उत्तेजन मिळताच, सांगलीच्या शिवारातली काळी माती बसाल्ट खडक झिजून झालेली असल्यामुळे आमच्या हळदीचे मूळसुद्धा ज्वालामुखीतच आहे, असे त्याने ठोकून दिले. हे वाक्य त्या मुलीच्या दोन पानांतले होते. ती पाने त्याने वाचली होती याचा मला तोवर पत्ता नव्हता.

त्या गटाला पहिला क्रमांक मिळाला. पारितोषिक घेण्यास तो एकटाच मंचावर गेला, कारण मंचाच्या पायऱ्या अरुंद होत्या, असे त्याचे म्हणणे. छायाचित्रात तो, परीक्षक आणि पिवळा शंकू एवढेच दिसतात. फीत धरणाऱ्या मुलाचा अर्धा हात कडेला आलेला आहे.

भूगोलाच्या तरुण शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एकच विनंती आहे. गटप्रमुखाला गटातून काढू नका; तो काढला तर तक्ता कोरा येतो. त्याला प्रश्नही विचारू नका. तो उत्तर देईल. सादरीकरण संपताच त्याला परीक्षकांसाठी पाणी आणावयास पाठवा आणि तेवढ्यात चांगल्या अक्षराच्या त्या मुलीला, महाराष्ट्र कशाचा बनला आहे, असे विचारा. पाणी आणावयास तो स्वतः जाणार नाही, कोणाला तरी धाडील. पण कोणाला धाडावे हे ठरविण्यात त्याची जी दोन मिनिटे जातील, त्यांत तिचे उत्तर पुरे होईल.