अर्धशहाण्या चिपांचा पालनकर्ता

ब्रिटनमधल्या बहुतेक गावांत एक तरी स्पेक्ट्रमवाला असतोच. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा कपाळावर, भिंग डोळ्यावर आणि मुक्काम घरामागच्या शेडमध्ये. शेड मुळात गवत कापायचं यंत्र ठेवायला बांधलेली. आता आत सोल्डरिंग स्टेशन असतं आणि यंत्र पावसात भिजतं.

त्याला 'कसं काय?' विचारलं तर उत्तर येतं, "उणे पाच व्होल्ट गेलेत." तब्येत त्याची नव्हे, झेडएक्स स्पेक्ट्रमची.

केंब्रिजच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं हा घरगुती कॉम्प्युटर २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आणला. १६ के मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केचा १७५ला. एवढ्या स्वस्तात द्यायचा म्हणजे पै-पै वाचवणं आलं. बटणं रबराची, पडदा घरातल्या टीव्हीचा, प्रोग्रॅम साठवायला कॅसेट. त्या काळी शाळकरी असलेला आपला नायक तासन्‌तास टीव्ही अडवून बसायचा आणि वडिलांच्या बातम्या बुडायच्या. सिंक्लेअर यांना पुढच्याच वर्षी 'सर' किताब मिळाला. वडिलांचं मत कोणी विचारलं नाही.

या काटकसरीचा हिशेब स्पेक्ट्रमवाला आज चुकता करतोय. खालच्या १६ के मेमरीसाठी बोर्डावर '४११६' जातीच्या आठ चिपा असतात. त्यांचे लाड फार: अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच असे तीन व्होल्टेज लागतात. अडॅप्टर देतो एकच, म्हणून अधिक बारा आणि उणे पाच बोर्डावरच एक कॉइल आणि एक-दोन ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. त्यातलं उणे पाच गेलं, की चिपा मरायला लागतात. मग टीव्हीवर '१९८२ सिंक्लेअर रिसर्च'ची ओळ उमटण्याऐवजी नुसते पट्टे आणि चौकोन नाचतात. एरवीचा माणूस अशा वेळी कॉम्प्युटर फेकून देतो. स्पेक्ट्रमवाल्याचा चेहरा मात्र उजळतो.

पहिली तपासणी बोटानं. चटका देईल ती आयसी संशयित. नवख्याचं बोट हमखास फेरांटी कंपनीच्या 'यूएलए' चिपेवर भाजतं, कारण ती ठणठणीत असतानाही तापते. मुरलेला गडी संशयिताच्या पाठीवर चांगली चिप बसवून पाहतो. चित्र सुधारलं तर निकाल लागला.

आता चिप काढणं. प्रत्येकीला सोळा पाय, म्हणजे आठ चिपांचे १२८ डाख. जुना डाख काढण्याआधी तो त्यात नवं सोल्डर घालतो. पाहुण्याला हा वेडेपणा वाटतो, पण ताज्या सोल्डरमुळे जुनं नीट वितळतं आणि पंपानं ओढता येतं. मेलेल्या चिपेचे पाय तो कटरनं सरळ छाटतो आणि मग पापलेटाचे काटे काढावेत तसा एकेक पाय चिमट्यानं उचलतो. घाई झाली तर भोकाभोवतालची तांब्याची कडी आणि तिला जोडलेला ट्रॅक उखडून येतो. अशा वेळी शेडमधून जे इंग्रजी ऐकू येतं ते बीबीसीवर ऐकू येत नाही.

त्याची सर्वांत लाडकी गोष्ट ४८ केच्या मॉडेलमधल्या वरच्या ३२ के मेमरीची. ६४ किलोबिटच्या चिपेचा अर्धा भाग फसला, की ती अर्ध्या क्षमतेची म्हणून स्वस्तात विकली जायची. सिंक्लेअर यांनी अशाच अर्धशहाण्या चिपा घेतल्या आणि कुठला अर्धा भाग शहाणा आहे, हे बोर्डाला सांगायला तारेची छोटी जोडणी ठेवली. ही गोष्ट तो लग्नातही सांगतो. नवरदेव अडकलेला असतो, ऐकून घेतो.

पण त्याचं 'अपग्रेड' बघा. खाली ४११६ऐवजी तो एकाच पाच व्होल्टवर चालणाऱ्या '४१६४' बसवतो, बारा व्होल्टची वाट तोडून तिथे पाच आणतो. या चिपा चौपट मोठ्या, पण बोर्ड त्यांचा पावच भाग वापरतो. वरच्या मजल्यावरही अखंड ६४ किलोबिटची चिप बसते आणि मूळ जोडणीत निम्मी रिकामी राहते. सिंक्लेअर यांनी अर्ध्या चिपेचे पैसे वाचवले. हा पूर्ण चिपेचे मोजून अर्धी वापरतो. शिवाय पुढच्या खेपेला सोपं जावं म्हणून प्रत्येकीखाली सॉकेट, म्हणजे पुढची खेप गृहीतच.

सगळं जमलं की १९८३चा 'मॅनिक मायनर' हा खेळ लावतो. कॅसेटवरून चढायला काही मिनिटं, खेळायला त्याहून कमी. लगेच तो पुढचा मेलेला बोर्ड पुढ्यात ओढतो.

भारतातही ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स कंपनी 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकत होती. तेव्हा तुमच्याही माळ्यावर एखादा निघाला, तर हाताशी येईल तो अडॅप्टर खुपसू नका. स्पेक्ट्रमच्या नऊ व्होल्टच्या पिनेत मधला भाग ऋण असतो, आजच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये तो धन. उलटी वीज गेली तर स्पेक्ट्रमवाल्याची आठवडाभराची सोय तुम्हीच केलीत म्हणून समजा.