बिग डेटाची मोठी पंगत

बिग डेटाच्या परिषदा भराव्यात तर खानदेशातच! विश्लेषक डग लेनी यांनी २००१ साली डेटाची तीन लक्षणे सांगितली: आकारमान, वेग, विविधता. जळगाव-धुळ्याच्या परिषदांत तिन्ही मुबलक. बॅनरचे आकारमान, दीपप्रज्वलनानंतर सभागृह रिकामे होण्याचा वेग आणि जेवणात भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी अशी विविधता. हजेरी अर्थातच वहीत, दोरीने बांधलेल्या पेनाने. पुढच्या वर्षी निबंधवाचन वगळून प्रमाणपत्रे थेट प्रवेशद्वारीच वाटावीत. प्रक्रियेचा वेळ शून्यावर येईल.

समारोपात केळीच्या डेटावर बोलणाऱ्या तज्ज्ञांना मागच्या रांगेतून कुणी विचारले, "भाऊ, आज केळीले काय भाव?"

तज्ज्ञांनी स्लाइड मागेपुढे केल्या. चहावाल्याने बऱ्हाणपूरच्या केळीबाजारात फोन लावला आणि भाव सांगितला.

प्रमाणपत्र तज्ज्ञांना मिळाले.