सुटलेल्या लेसची मीमांसा

सोसायट्यांच्या क्लबहाउसात, पालिकेच्या मैदानावर किंवा कुणाच्या तरी गच्चीवर पहाटे सहाच्या बॅचला जो सामुदायिक घाम गळतो, त्याचा विचार आजवर दोनच अंगांनी झाला आहे. वजन किती उतरलं, हे एक अंग. गुडघ्यांचं काय झालं, हे दुसरं. बुटाच्या लेसकडे या क्षेत्रातल्या जाणकारांनी अक्षम्य दुर्लक्ष केलं आहे. वास्तविक बर्पी न येणारा माणूस बॅचमध्ये सापडतो, प्लँकमध्ये दहा आकडे न टिकणारा तर सापडतोच सापडतो. पण लेस बांधायला एकदाही खाली न बसलेला माणूस सापडणं कठीण. इतकी सार्वत्रिक हालचाल फळ्यावरच्या व्यायामांच्या यादीत नसावी, ही शास्त्राची उणीव म्हणावी लागेल. ती भरून काढण्याचा हा प्रयत्न.

सिद्धान्त आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ऑफिसची घाई आहे त्यांना जाता येईल. तीव्र समूहव्यायामात जीव आणि सांधे सांभाळणारं सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे सुटलेली लेस. ती खरोखर सुटलेली असलीच पाहिजे, अशी अट नाही.

पूर्वपक्ष अर्थात ट्रेनरचा. वय पंचविशीचं, आवाज तीन इमारतींना पुरेल इतका, गणित संशयास्पद. ‘शेवटचे दहा!’ असं तो जाहीर करतो, आठपर्यंत सरळ येतो आणि तिथे कुणी गुडघा टेकलेला दिसला की पुन्हा पाचवर जातो. त्याचं म्हणणं असं की शरीर थांबायला सांगतं तेव्हा ते खोटं बोलत असतं, विश्रांती ही मनाची पळवाट आहे, आणि काका, थांबायचं नाही. हा पक्ष दिसतो तितका पोकळ नाही. आपल्यापैकी बहुतेकांचं शरीर जिना चढतानाही थांबायला सांगतं. त्याचं दर वेळी ऐकलं असतं तर आपण अजून तळमजल्यावरच असतो. म्हणून उत्तरपक्षाला जरा लांबून, जपानमार्गे यावं लागतं.

फळ्यावर ‘तबाता’ हा शब्द हमखास असतो. वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद विश्रांती, असे आठ फेरे. चार मिनिटांत खेळ खलास. मूळ पद्धत जपानच्या स्पीड स्केटिंगपटूंचे प्रशिक्षक कोइची इरिसावा यांची. इझुमी तबाता आणि सहकाऱ्यांनी ती प्रयोगशाळेत तपासली आणि त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९९६मध्ये आला. प्रयोगातली माणसं तरुण आणि खेळाची सवय असलेली. आधी दहा मिनिटं वॉर्म-अप, मग जागेवर पक्की केलेली सायकल, आणि जोर कमाल ऑक्सिजन-क्षमतेच्या १७० टक्के. इथवर पुष्कळ ट्रेनरांना ठाऊक असतं. पुढचं कलम मात्र समुद्र ओलांडताना बुडालं. पायडल मिनिटाला ९० फेऱ्यांच्या गतीने मारायचं होतं, आणि ती गती ८५च्या खाली आली की प्रयोग तिथेच बंद. लय बिघडली की थांबायचं, हा त्या कृतीचाच भाग होता. शिवाय सायकलवर ना उडी मारून उतरायचं असतं, ना पाठ वाकवून वजन उचलायचं असतं. आपण त्यातले वीस आणि दहा हे आकडे तेवढे ठेवून घेतले, सायकल काढून तिथे उड्या घातल्या, आणि थांबण्याचा नियम गाळला.

आता, दहा सेकंद. एका बुटाची लेस सोडून पुन्हा नीट बांधायला साधारण तेवढाच वेळ लागतो. याला निव्वळ योगायोग म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

बर्पीचीही हीच कथा. रॉयल बर्पी या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. करताना, १९३०च्या दशकाच्या अखेरीला, माणसाची तंदुरुस्ती चटकन जोखता यावी म्हणून एक चाचणी बेतली: खाली बसा, पाय मागे टाका, पाय पुढे घ्या, उभे राहा. असं चार वेळा करायचं आणि आधीची नि नंतरची नाडी ताडून पाहायची. मध्ये जोर नव्हता, शेवटी उडी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने ती चाचणी उचलली, मग ती लांबत गेली, आणि आज आपण ती पन्नासाच्या हिशेबात मारतो. थर्मामीटर घासून घासून ताप आणावा, तसा हा प्रकार आहे.

पण खरी गोम व्यायामात नाही, समूहात आहे. एकटा माणूस दमला की थांबतो. वीस जणांतला माणूस दमला की आधी डावीकडे बघतो. डावीकडचाही त्याच क्षणी उजवीकडे बघत असतो. दोघांना एकमेकांचं पाऊल पुढे पडताना दिसतं, आणि दोघेही आणखी पाच मारतात. मोजदाद अशी पुढे जात राहते आणि फॉर्म मागे राहतो. स्क्वॉटमध्ये गुडघे पायांच्या बोटांची दिशा सोडून आत वळू लागतात, टाचा उचलल्या जातात. प्लँकमध्ये कंबर खाली लोंबते, किंवा जाणत्यांच्या बाबतीत बैठकीचा भाग हळूच आभाळाकडे जातो. केटलबेलचा झोका कमरेच्या सांध्यातून, नितंबांच्या जोरावर यायचा. दमलेला माणूस तो खांद्यांनी ओढतो आणि पाठीच्या खालच्या भागाने फेडतो. उडीचं तर विचारू नये. चवड्यांवर, गुडघे मऊ ठेवून उतरलेला माणूस फारसा ऐकू येत नाही. धाडकन आवाज यायला लागला की समजावं, पाय ताठ झाले आणि धक्का सांध्यांवर गेला. खालच्या मजल्यावरून येणाऱ्या लेखी तक्रारी हा या दृष्टीने फार मोलाचा पुरावा आहे. सोसायटीच्या तक्रारवह्या अभ्यासकांनी अजून उघडलेल्या नाहीत.

अशा प्रसंगी थांबणं योग्य, हे सगळ्यांना कळतं. अडचण कारणाची असते. ‘दमलो’ हे बॅचमध्ये कारण धरलं जात नाही, तो गुन्ह्याचा कबुलीजबाब असतो. पाणी पिण्याचे ब्रेक ट्रेनरच्या हातात. लेस मात्र सुरक्षेचा मुद्दा आहे. सुटलेल्या लेसने उडी मार, असं कुठलाही ट्रेनर म्हणू शकत नाही, आणि इथेच त्याचा सगळा पक्ष ढासळतो.

नैयायिक इथे विचारतील की लेस सुटली हे ज्ञान कशाने झालं. प्रत्यक्षाने, असं म्हणावं तर ट्रेनर दहा पावलांवर उभा असतो आणि लेस पँटच्या मोहरीखाली असते. मग अनुमान. जिथे जिथे लेस बांधणं, तिथे तिथे धाप: ही व्याप्ती निरीक्षणाने पक्की झालेली आहे. ती उलटी चालत नाही, म्हणजे धाप लागलेला प्रत्येक जण लेस बांधत नाही. काही जण फोन वाजल्यासारखं करतात. तो वेगळ्या निबंधाचा विषय.

लेस तीन अवस्थांत आढळते. पहिली, आपोआप सुटलेली. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या यंत्र-अभियंत्यांनी ट्रेडमिलवर धावणाऱ्या बुटाचं अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून २०१७मध्ये दाखवून दिलं की पाऊल जमिनीवर आदळताना गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट झटका बसतो. त्याने गाठ सैल होते, वर लेसची मोकळी टोकं हेलकावत गाठ ओढत राहतात. आणि एकदा सुटायला लागली की चार पावलांत सुटते. नुसत्या धावण्यात हे, मग जंपिंग जॅकमध्ये काय होत असेल, याची कल्पना करावी. गणितज्ञही मागे नाहीत. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाचे बुर्कार्ड पोल्स्टर यांनी २००२मध्ये ‘नेचर’मध्ये सिद्ध केलं की लेस ओवण्याच्या असंख्य तऱ्हांमध्ये सर्वांत घट्ट तऱ्हा आपल्या नेहमीच्याच, फुलीची आणि आडव्या पट्ट्यांची. ‘नेचर’ने ज्या विषयाला जागा दिली, त्याला क्षुल्लक म्हणणाऱ्यांची कीव येते.

दुसरी अवस्था, सोडलेली. हिचे साधक आदल्या रात्रीच तयारी करतात. फुलाच्या गाठीत दुसरा फास चुकीच्या दिशेने घेतला की फूल बुटावर आडवं बसण्याऐवजी उभं, टाच ते बोटं असं वळतं. ही गाठ कच्ची, आणि वरच्या प्रयोगातही ती लवकर सुटली. पण हिच्यात जोखीम आहे. ती तुमच्या सोयीने सुटत नाही, बॉक्सवर उडी घेताना सुटते, आणि मग नडगी सोलवटून निघते. म्हणून खरे जाणकार तिसऱ्या अवस्थेला पोहोचतात: न सुटलेली. दोन्ही बुटांना दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली, आणि तरीही माणूस एकाग्र चित्ताने ती बांधतो आहे. याहून सुरक्षित स्थिती समूहव्यायामात नाही.

या आसनाची नोंद घ्यायला हवी. पुढचं पाऊल सपाट, गुडघा घोट्याच्या वर, मागचा गुडघा अलगद जमिनीला, धड किंचित पुढे. ट्रेनर पंधरा मिनिटं घसा फोडून जो लंज मागत होता आणि जो कुणाला जमत नव्हता, तो हाच. लेस बांधताना अख्ख्या बॅचचा फॉर्म निर्दोष असतो. इथे एक धोकाही आहे. जोराच्या व्यायामात पायांचे स्नायू रक्त वर ढकलायला मदत करत असतात. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, आणि डोकं खाली घालून झटक्यात उठलं तर डोळ्यांपुढे काजवे चमकतात. म्हणून बसण्यापूर्वी चार पावलं जागच्या जागी चालावं, मान फार खाली घालू नये, उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठावं. घाईने बांधलेली लेस वाया जाते.

परंपरेचा आधार मागणाऱ्यांसाठी दोन दाखले. ज्युदोमध्ये आपला पोशाख मुद्दाम विस्कटणं किंवा पंचांच्या परवानगीशिवाय कमरेचा पट्टा सोडून पुन्हा बांधणं यासाठी शिक्षेची तरतूद आहे. नियम उगाच होत नाहीत. कुणीतरी आधी श्वास घ्यायला पट्टा सोडला असणार. आपल्याकडे मातीतला पैलवान मध्येच वाकतो, मूठभर माती उचलून तळव्यांवर चोळतो, लंगोट आवळतो. घामाने निसटणारी पकड मातीने बसते हे खरंच, आणि तेवढ्यात दोन श्वास होतात हेही खरंच. त्याला कुणी ‘काका, थांबायचं नाही’ म्हणत नाही, याचं कारण शास्त्राबाहेरचं आहे.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा जो ध्यास घेतला, त्यातही प्रत्येक नमस्काराआधी मंत्र मोठ्याने म्हणायचा असतो. आजचे व्यायामवैद्यक हेच ‘टॉक टेस्ट’ म्हणून शिकवतात: बोलता येतंय पण गाता येत नाही, तर व्यायाम मध्यम, चार शब्दांत दम तुटतोय, तर तीव्र. मंत्र अडखळला की नमस्कार आपोआप लांबतो. स्वीडनचे गुन्नर बोर्ग यांनी याच कामासाठी ६ ते २० अशी मोजपट्टी केली. सुरुवात सहापासून, कारण आकड्याला दहाने गुणलं की नाडीचा अंदाज यावा. आमच्याकडे ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाचं वीस जणांचं मिळून एकच उत्तर असतं, ‘मस्त!’ बोर्गच्या पट्टीवर ‘मस्त’ नेमकं कुठे बसतं, हे ठरायचं आहे.

लेसची हद्दही सांगायला हवी, कारण काही गोष्टी तिच्या अखत्यारीत येत नाहीत. छातीत दाटून आलं, हात किंवा जबडा भरून आला, तर लेस बांधत बसू नये, सरळ सांगावं. आणि नवशिक्याने पहिल्याच आठवड्यात, उकाड्यात, पाण्याविना ईर्ष्येने शंभर-शंभर मारले, तर स्नायूंचे तंतू इतके फुटू शकतात की त्यांतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांवर भार येतो. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. अमेरिकेत क्रॉसफिटवाल्यांनी त्यावर व्यंगचित्रही काढलं, डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला, दमलेला विदूषक. दुखणं नेहमीच्या आंबण्यापलीकडचं, स्नायू सुजलेले आणि लघवी कोलासारखी गडद, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ‘नवीन आहे, दुखणारच’ असं म्हणणारे हितचिंतक बॅचमध्ये पुष्कळ भेटतात.

बिनलेसचे बूट घालणाऱ्यांविषयी शास्त्र मौन बाळगतं. वेल्क्रोचा पट्टा फार लवकर बसतो आणि वर आवाज करतो. बायकांकडे केसांचा रबरबँड आहे, तो दोन्ही हातांनी, उभ्याने, रुबाबात बांधता येतो. या बाबतीत टक्कल पडलेल्या काकांवर उघड अन्याय होतो, तो दूर करण्याचा उपाय सापडलेला नाही.

राहता राहिला ट्रेनर. त्याला हे सगळं ठाऊक असतं. तोही कुणाच्या तरी बॅचमध्ये शेवटच्या रांगेत उभा होता. चांगला ट्रेनर ओळखायची खूण अशी: त्याच पायाची लेस तिसऱ्यांदा बांधणाऱ्यावर तो ओरडत नाही. जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणतो, ‘काका, आता दुसऱ्या पायाची बांधा,’ आणि मोजणी सातवरून चालू ठेवतो.