कानकोरणे काका

प्रत्येक घराण्यात एक कानकोरणे काका असतात. त्यांच्या जुडग्यात कुलपाच्या किल्ल्या दोनच. बाकी पितळी कानकोरणं, दातकोरणं आणि एक चिमटा. कानकोरणं कुठंही निघतं. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, अगदी मयताच्या घरीसुद्धा. डावा डोळा मिटतो, तोंड वाकडं होतं आणि काका काही क्षण या जगात नसतात. ते सापडलं नाही तर स्कूटरची किल्ली, काडेपेटीची काडी, लेकीच्या केसांतला आकडा, काहीही चालतं.

इथवर ठीक आहे, कान त्यांचा आहे. पंचाईत होते घरात बाळ आल्यावर. बाकीचे लोक नाक कुणावर गेलंय ते बघतात. काका टोपडं सारून थेट कानात डोकावतात.

"केवढा मळ साठलाय! पोराला ऐकू कसं येणार, सूनबाई?"

"डॉक्टर म्हणालेत, कानात काही घालायचं नाही."

"त्यांचं काय जातंय म्हणायला! आमच्या वेळी रोज दोन थेंब कोमट तेल. कुणी बहिरं झालं का?"

याचं उत्तर काकांना दोनदा द्यावं लागतं, तेही ओरडून.

मळ म्हणजे घाण नव्हे, हे काकांना पटत नाही. तो कानाच्या बाहेरच्या भागात तयार होतो, धूळ आणि जंतू अडवतो. आतली कातडी हळूहळू बाहेर सरकत असते, तिच्याबरोबर तोही येतो. दूध ओढताना जबडा हलतो, त्याचीही मदत होते. काडी घातली की तोच मळ पडद्याकडे ढकलला जातो. त्यात बाळानं मान हिसडली तर पडदाच फाटायचा. आणि तेलानं ओल्या राहिलेल्या कानात बुरशी धरते.

गंमत म्हणजे कापसाची काडीही बाळापायीच जन्मली. १९२३ साली अमेरिकेत लिओ गर्स्टेनझँग यांनी बायकोला दातकोरण्याच्या काडीवर कापूस गुंडाळून बाळाला पुसताना पाहिलं आणि त्याचा धंदाच काढला, असं सांगतात. आता तसल्याच काड्यांच्या डबीवर 'कानाच्या आत घालू नये' असं छापलेलं असतं. काकांनी चष्मा लावून ते वाचलं.

"ते अमेरिकेतल्या कानांसाठी," म्हणाले.

बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशी काकांपेक्षा शहाण्या. कोमट पाण्यात मऊ सुती फडकं बुडवून घट्ट पिळतात. पाळी, वरच्या वळ्या आणि कानामागची खाच पुसतात. ओघळलेलं दूध आंबतं ते तिथंच. भोकात बोटसुद्धा नाही. काका बाजूला बसून बघतात, हात शिवशिवत असतो.

अशा माणसाला येऊ नका म्हणता येत नाही. बारशाला सोन्याचं वळं तेच आणतात. तेव्हा किल्ल्या दारातच मागून घ्या. बाळाच्या कानातून पू आला, घाण वास येऊ लागला किंवा ताप भरला तर तडक डॉक्टरांकडे न्या. काकांना नंतर कळवलं तरी चालेल.