कौलांचं भाडं
कांदिवलीत जुनी इमारत दिसली की लोकांना पुनर्विकास आठवतो. मंगलोरी कौलं, कुरकुरणारा लाकडी जिना, सामायिक व्हरांडा, सगळं ‘धोकादायक’. मग ते पाडून बाविसाव्या मजल्यावर ताबा मिळतो, आणि पुढच्याच जोडसुट्टीला तीच मंडळी गाडी काढून नेरळचा घाट चढतात. कशासाठी? माथेरानच्या जीर्णोद्धारित व्हिक्टोरियन बंगल्यात राहायला. तिथे मंगलोरी कौलं असतात, जिना कुरकुरतो, व्हरांडा तर सामायिकच. याला हेरिटेज म्हणायचं, जीएसटी वेगळा.

रोड ट्रिपची मिजास मात्र दस्तुरी नाक्यावरच उतरते. पुढे मोटारींना बंदी. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढला. त्याच्या बॅगेला चाकं नव्हती, हे त्याचं नशीब. आपण ती चाकं लाल मातीतून खडखडवत नेतो, नाहीतर घोडेवाल्याशी घासाघीस करतो.

खोलीत चार खांबांचा पलंग आणि भिंतीवर मिशाळ साहेबाची तसबीर. साहेब कोण, हे व्यवस्थापकाला विचारू नये, बिचारा ओशाळतो. गरम पाणी सकाळी ठरल्या वेळेतच. चारकोपला असं झालं तर सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीचा राजीनामा मागतात. इथे तो ‘त्या काळाचा अनुभव’.

नाश्त्याला टोस्ट-मार्मालेड, शिवाय शेजारच्या शहाकाकूंनी बांधून दिलेले थेपले. व्हरांड्यातली माकडं टोस्टकडे ढुंकूनही बघत नाहीत.