कायमचा पत्ता नसलेला कर्मचारी

करसल्लागाराचं ऑफिस, जुलैअखेर, आणि नुकतीच जाऊन आलेली वीज. प्रिंटर कोपऱ्यात ठाण मांडून बसलेला, हिरवा दिवाही लागलेला. संगणक मात्र छातीठोकपणे सांगतो, ‘ऑफलाइन’.

मग घरगुती उपचार सुरू होतात. साहेबांचा तोडगा म्हणजे पुन्हा प्रिंट द्या. मॅडमचा तोडगा म्हणजे आता माझ्या मशिनवरून देऊन बघा. अशी दर टेबलावरून एकाच विवरणपत्राची फर्माईश जाते, आणि यंत्राला कंठ फुटला की सगळ्या फर्माइशी एकदम बाहेर पडतात. कोणीतरी शहाणा राउटरही बंद करून चालू करतो. म्हणजे उरलंसुरलंही बिघडलं.

कारण खरी भानगड राउटरचीच असते. डीएचसीपी नावाच्या पद्धतीने तो प्रत्येक यंत्राला ठरावीक मुदतीपुरता पत्ता देतो, चक्क भाडेकरारच. वीज गेली, राउटर जुने करार विसरला, की नव्याने वाटप. सकाळी १९२.१६८.१.५ वर राहणारा प्रिंटर दुपारी ९ वर जातो आणि ५ वर हिशेबनिसाचा मोबाइल मुक्कामाला येतो. संगणक बिचारा इमानाने ५ वरच कागद पाठवत राहतो. मोबाइल काही छापत नाही. ज्या ऑफिसात अशिलाला लाइट बिल आणि भाडेकरार आणल्याशिवाय खुर्ची मिळत नाही, तिथल्या प्रिंटरला कायमचा पत्ता नाही!

अखेर हार्डवेअरवाला येतो. ‘ड्रायव्हर करप्ट झालाय’ हे निदान तो जिना चढतानाच करून आलेला असतो. जुना प्रिंटर यादीतून काढायचा, नवा टाकायचा, चाचणीचं पान काढायचं, व्हिजिट चार्ज घ्यायचा. चालतं, कारण नवा पत्ता सापडलेला असतो. पुढच्या वेळी घाईत कोणीतरी जुना न काढताच नवा टाकतं आणि यादीत ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशी भावंडं जमतात. त्यांतलं खरं कोणतं, हे फक्त शिपायाला माहीत.

अर्थात मोठ्यांचंही हसूच झालेलं आहे. सप्टेंबर २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अपडेटनंतर ठिकठिकाणचे सामायिक प्रिंटर बंद पडले, आणि कित्येकांनी ते अपडेटच काढून टाकलं. चोरांचं नंतर बघू, आधी चलन छापा!

आपलं दुखणं त्यामानाने किरकोळ. प्रिंटरच्याच मेनूतून नेटवर्कचं पान छापा, त्यावरचा मॅक क्रमांक राउटरमध्ये नोंदवा आणि एक पत्ता त्याच्यासाठी राखून ठेवा. संगणकातही तोच पत्ता टीसीपी/आयपी पोर्ट म्हणून भरा. चहा निवायच्या आत होणारं काम आहे. ते होत नाही, कारण प्रिंटर चालू असताना त्याच्याकडे कोणी बघत नाही आणि बंद असताना कोणाला वेळ नसतो.

तेव्हा पुढच्या खेपेस पाकिटात हात घालण्याआधी हार्डवेअरवाल्याला एवढंच विचारा, ‘भाऊ, पत्ता राखून ठेवलात का?’